चार सेकंद आणि एक हात

आमच्या आत्याची नक्कल करता येत नाही. मुख्याध्यापकांची येते, दूधवाल्याची येते, फोन आला की एकदम गोड होणाऱ्या आईची तर झोपेतही येते. पण आत्याचा आवाज काढायला गेलं की पकडायला काही सापडतच नाही. हेल नाही, लकब नाही, वाक्याच्या टोकाला लोंबणारं 'नाऽऽ' नाही. काचेच्या पेल्यातल्या पाण्यासारखा आवाज. पलीकडचं सगळं दिसतं, पेला तेवढा दिसत नाही.

आत्याला पगार मिळतो तो नेमका या आवाजाचा.

टीव्हीवरच्या मालिकेत जे जे दिसतं, ते न दिसणाऱ्यांसाठी बोलून सांगणं हे तिचं काम. चित्रवर्णन म्हणतात त्याला. रिमोटवरचं एक बटण दाबलं की मालिकेच्या आवाजात आत्याचा आवाज मिसळतो. एक संवाद संपून दुसरा सुरू होईपर्यंत जी फट मिळते, तेवढ्यातच सांगून मोकळं व्हायचं. चार सेकंदांची फट म्हणजे आठ-नऊ शब्द. शेजारच्या खोलीत ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्याखालच्या ओळी तयार होतात. तिथली मुलगी 'दार करकरतं' असं लिहिते, इकडे आत्या 'दार उघडतं' असं बोलते. दुपारी दोघी डबा एकत्र खातात आणि एकमेकींना म्हणतात, "माझं दार तुझ्यापेक्षा बरं होतं."

आत्या ज्या खोलीत बसून बोलते तिच्या काचेवर एक कागद चिकटवलाय. अक्षर तिचंच. दिसतं ते सांग, वाटतं ते सांगू नकोस. कुणाच्या बोलण्यावर बोलू नकोस. पडद्यानं ओळख करून दिल्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नकोस. पहिले दोन नियम नवशिके पहिल्याच दिवशी मोडतात. तिसरा मोडायला नऊ महिन्यांचा अनुभव लागतो, हे आम्हाला अलीकडेच कळलं.

दिसतं तेवढंच सांगायची सवय तिनं घरीही आणलीय. "आत्या, बाबा चिडलेत का गं?" असं विचारलं, तर ती 'हो' म्हणत नाही, 'नाही' म्हणत नाही. म्हणते, "कानाच्या पाळ्या लाल आहेत. पेपर उलटा धरलाय." आपण काय ते समजायचं आणि प्रगतिपुस्तक परत दप्तरात घालायचं.

ही नजर तिला कारखान्यानं दिली. तयार शर्टांच्या कारखान्यात अठरा वर्षं ती तपासणीला होती. मिनिटाला दोन शर्ट. कॉलर, खिसा, काजं, बटणं, कडेची शिलाई. खोट दिसली की तिथे बोटाच्या पेराएवढा लाल बाण चिकटवायचा आणि शर्ट डावीकडे टाकायचा. आजही पाहुणे घरात आले की आत्या आधी त्यांचा खिसा बघते आणि मग चेहरा.

आणि हे काम तिला दिलं मास्तरांनी.

मास्तर आमच्या समोर राहतात. मध्ये गल्ली इतकी अरुंद की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक आम्हाला येते. चाळीस वर्षं त्यांनी टायपिंगचे वर्ग चालवले. आत्याही त्यांचीच विद्यार्थिनी. साठीच्या सुमाराला काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली आणि एक दिवस पूर्ण मिटवली. टायपिंग मात्र डोक्यात शाबूत. रागावले की बोलताबोलता चिन्हंही म्हणतात. "मला हे पटलेलं नाही, पूर्णविराम. नवी ओळ."

रोज संध्याकाळी टीव्ही लागला की पडद्यावरचं त्यांना काकू सांगायच्या. म्हणजे काकूंच्या मते सांगायच्या. आमच्या खिडकीत ऐकू यायचं ते असं:

"अगं बाई!"

"काय झालं?"

"अहो, शोभतं का हे?"

"अगं, पण झालं काय?"

"थांबा हो, बघू द्या!"

एकदा आत्या त्यांची चाळणी परत द्यायला गेली आणि दारातच उभी राहिली. पडद्याकडे बघत, चाळणी हातात तशीच, ती म्हणाली, "पोरगी चिठ्ठी वाचते. वाचतावाचता खाली बसते. चिठ्ठी सतरंजीखाली सरकवते."

मास्तरांनी मान वळवली. "उद्या परत ये," ते म्हणाले.

तीन वर्षं ती रोज जात होती. मग कारखान्यात शर्ट तपासायला कॅमेरे आले आणि आत्या घरी बसली. बसली म्हणजे आठ दिवस. नवव्या दिवशी मास्तरांनी रेडिओवर ऐकलं की एका वाहिनीला चित्रवर्णनासाठी माणसं हवी आहेत, आणि तिला अक्षरशः हाकललं. परीक्षेला एक मुका प्रसंग दाखवला. बाकीचे बोलले, 'एक दुःखी स्त्री एकटीच विचारात बुडाली आहे.' आत्या बोलली, "बाई जेवायला बसते. समोर दोन ताटं. एक उचलून फडताळात ठेवते." तिला तिथेच ठेवून घेतलं.

आता ती मालिका. तुम्ही बघत असाल, नसाल, गोष्ट एवढीच: एका मोठ्या घरातल्या आजीला कोणीतरी जिन्यावरून ढकललं. आजी दवाखान्यात बेशुद्ध. ज्यानं ढकललं तोच कधीतरी कपाटातलं मृत्युपत्र चोरायला येणार, हे लेखकानं सहा आठवडे घोळवत ठेवलेलं. थोरली सून? वकील? मधला जावई? आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत यावरून दोन तट पडले होते.

भाग प्रसारणाच्या दोन दिवस आधी आत्याकडे येतो. त्या सोमवारी आला, त्यात कपाट उघडलं गेलं. पडद्यावर फक्त एक हात, शर्टाची कड आणि कपाटाचं दार. चेहरा नाही. मागे ढोल, टाळ, वीज, काय काय. चार सेकंदांची फट. आत्यानं लिहिलं आणि त्याच पाण्यासारख्या आवाजात बोलली: "मधला जावई कपाट उघडतो. कागद काढतो."

तिच्या लक्षातच आलं नाही. आपला माणूस पाठमोरा दिसला तरी आपण 'हा बघ दादा' म्हणतो, चेहरा पाहिला की नाही ते तपासत बसत नाही, तसं झालं. ध्वनिमुद्रण करणारा खटका समोरच बसला होता. त्याला खटका म्हणतात, कारण दर दोन मिनिटांनी तो कानावरचे हेडफोन दाबून म्हणतो, "ताई, खटका आला. परत." त्यालाही पत्ता नाही. "मी आवाज ऐकतो, ताई," तो नंतर म्हणाला, "अर्थ माझ्या खात्यात येत नाही."

बुधवारी भाग लागला. गुरुवारी सकाळी मास्तर दाढीला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. तिथे सलूनवाले काका वस्तरा हवेत फिरवत म्हणत होते, "थोरली सून! लिहून घ्या. तो हात बाईचा आहे."

मास्तर हसले. "काल झोपला होतात की काय? मधला जावई नव्हे का तो!"

"पैज?"

"कशाची पैज? पडद्यावर आला की तो!"

"मास्तर, माझी मिशी पणाला."

काकांची मिशी म्हणजे मिशी होती. सलूनच्या पाटीवर तिचं चित्र आहे. दुकानातल्या एकानं फोन काढला, कालचा भाग लावला, ते बटण दाबलं. सगळ्यांना दिसला हात आणि सगळ्यांना ऐकू आला जावई. कात्र्या थांबल्या. काका शब्दाचे पक्के. त्यांनी आरशात एकदा नीट पाहून घेतलं आणि दुपारी बाराच्या आत मिशी उतरवली.

तिथून पुढे काही लपणं शक्यच नव्हतं. खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण विचारणार, "काका, मिशी?" आणि काका प्रत्येकाला पहिल्यापासून सांगणार. संध्याकाळपर्यंत आत्याचं ते वाक्य हजारो फोनांवर फिरत होतं. शुक्रवारी वाहिनीनं तांत्रिक कारण सांगून चित्रवर्णन थांबवलं आणि आत्याला निरोप आला: शनिवारी अकरा वाजता मोठ्या मॅडमना भेटा. खटक्यानं आतली बातमीही दिली, "ताई, लेखकसाहेब म्हणतात तुम्ही कथा चोरून मिळवली आणि फोडली. एक तर बाई बदला, नाहीतर ही सेवाच बंद करा, असं चाललंय."

आई म्हणाली, "रडून घे हवं तर." आत्या म्हणाली, "कशाला? चोरलं नाही मी. पाहिलं." आणि बाबांच्या शर्टाचं सैल बटण काढून नव्यानं लावायला बसली. पण सुई ओवायला तिला तीनदा दोरा ओला करावा लागला. दिसलं ते सांगते.

खरी चपराक तिला समोरच्या घरात बसली होती, आदल्या संध्याकाळीच. गुरुवारी ती गेली तेव्हा काकू खुशीत होत्या. "अगं, यांना सगळ्यांच्या आधी कळलं! आयुष्यात पहिल्यांदा!" मास्तर खुर्चीत ताठ बसले होते.

"बस," ते म्हणाले. "बाराव्या भागात जावई चहाचा कप उचलण्याआधी काय करतो?"

"तळहात शर्टाला पुसतो," आत्या म्हणाली.

"एकतिसाव्यात, सही करण्याआधी?"

"तळहात पुसतो. दोनदा."

"अठ्ठ्याण्णवाव्यात, सासूच्या पाया पडताना?"

"तेच," आत्या म्हणाली.

"हे सगळं तूच मला सांगितलंस, पोरी. मी नऊ महिने जपून ठेवलं. तू नुसतं हात पुसतो म्हणाली असतीस ना, तर मी या खुर्चीतून उठून ओरडलो असतो. परीक्षेत विद्यार्थ्याचं बोट धरून तूच अक्षर दाबलंस. माझा पेपर तू सोडवलास, पूर्णविराम." आणि मग, "शनिवारी मी येणार. साक्षीदार म्हणून नाही. तक्रारदार म्हणून."

शनिवारच्या बैठकीला मी नव्हते. पण ती मला तिघांनी सांगितली आहे. आत्यानं सांगितली त्यात फक्त दिसलेलं आहे, मास्तरांनी सांगितली त्यात फक्त ऐकलेलं, आणि खटक्यानं सांगितली त्यात पार्श्वसंगीतही आहे. तिन्ही जोडली की खोली पूर्ण होते.

लांब टेबल. टेबलावर काच. मोठ्या मॅडमच्या समोर तीन फोन, तिन्ही पालथे. लेखकसाहेबांनी गळ्यात मफलर घातलेला, खोलीत उकाडा असूनही. (हे आत्याकडून.) मॅडमच्या बांगड्या टेबलाला लागत होत्या, म्हणजे त्या हात आपटत होत्या, लेखक नाकातून श्वास घेत होता, पंख्याचं एक पातं लागत होतं. (हे मास्तरांकडून.)

"म्हणजे बघा ना," मॅडम म्हणाल्या. त्या प्रत्येक वाक्य असंच सुरू करतात. "म्हणजे बघा ना, सहा आठवड्यांचं रहस्य, उघडायला अजून तीन आठवडे. जाणणारी माणसं तीन. त्यात तुम्ही नाही. मग नाव तुम्हाला सांगितलं कोणी?"

"हातानं," आत्या म्हणाली.

"हा विनोदाचा प्रसंग आहे का?" लेखकसाहेब. "मी तो हात मुद्दाम अनामिक ठेवला होता! त्या हाताला ओळख नव्हती, ती एक कल्पना होती!"

"कल्पनेला घाम येतो," आत्या म्हणाली. "चित्र लावा."

लावलं. हात आला, आणि कपाटाच्या मुठीला लागण्याआधी शर्टाच्या कडेला घासला गेला. दोनदा. इतका पटकन की लेखकसाहेब म्हणाले, "कुठे?" परत लावलं. "कुठे?" तिसऱ्यांदा सावकाश लावलं तेव्हा त्यांनी मफलर सैल केला.

आत्यानं पिशवीतून नऊ महिन्यांची वर्णनं काढली. चार जाड फायली. खुणेला जुने लाल बाण चिकटवलेले. कारखाना सोडताना उरलेलं एक पाकीट तिनं आणलं होतं. भाग बारा, बाण. एकतीस, बाण. अठ्ठ्याण्णव, बाण. एकूण अकरा ठिकाणी एकच गोष्ट. "उजवा तळहात, शर्टाची डावी कड," ती म्हणाली. "त्या शर्टाला तिथे डाग पडलाय. सत्तराव्या भागापासून. घरात दुसऱ्या कुणाच्याही शर्टाला तो नाही. मी असा शर्ट परत पाठवला असता."

लेखकसाहेबांनी चित्रीकरणाच्या जागी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून एक घाईतला आवाज म्हणाला, "हो साहेब, हात त्याचाच आहे. दुसरा माणूस आलाच नाही त्या दिवशी, मग यालाच उभं केलं. पुसायला? छे, कोणी नाही सांगितलं. घाम येतो हो त्याला, कॅमेऱ्यासमोर!"

खटका म्हणतो, इथे फक्त पंखा ऐकू येत होता. टक. टक. टक.

"म्हणजे बघा ना," मॅडम जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "चोरी झालेली नाही."

"चूक झालीय," आत्या म्हणाली. "चेहरा दिसला नव्हता. मी नाव घेतलं. नियम माझाच आहे आणि मीच मोडला. शर्ट माझ्या हाताखालून गेला."

"आता माझी तक्रार," मास्तर म्हणाले, आणि उभे राहिले.

"काका, तुम्हाला तर सगळ्यांच्या आधी कळलं," मॅडम म्हणाल्या. "तुमचा तर फायदाच झाला की!"

"मॅडम, माझी बायको मला अर्धा तास उशिरा सांगायची. हिनं मला तीन आठवडे आधी सांगितलं. मला आधी नको, स्वल्पविराम, उशिरा नको, पूर्णविराम. सगळ्यांना जेव्हा चक्रावायचं असेल तेव्हा मलाही चक्रावू द्या. आणि हो, त्या मिशीचंही बघा. चांगला माणूस आहे, ओठ उघडा पडलाय बिचाऱ्याचा."

"मग काय करू, यांना काढू?"

"काढलंत तर हात पुसतो हे मला कोण सांगणार?" मास्तरांचा आवाज म्हणे एकदम चढला. "तुमच्या लेखकाला तीनदा दाखवूनही दिसलं नाही!"

मॅडमनी एक फोन सुलटा केला, काहीतरी वाचलं, परत पालथा घातला. मग आत्याला म्हणाल्या, "ते वाक्य बदलून द्या. आजच. दुपारी पुन्हा प्रसारण आहे. आणि सोमवारपासून नेहमीसारखं या." मास्तरांना त्यांनी विचारलं, प्रसारणाआधी ऐकून तपासायला याल का, पगारी काम आहे. मास्तर म्हणाले, "दोन दिवस आधी? म्हणजे परत मला आधीच कळणार? नको! दुसरा कोणीतरी शोधा, ज्याला मालिका आवडत नाही."

बैठक संपल्यावर आत्या तशीच काचेच्या खोलीत गेली. मास्तर बाहेर बाकावर बसले. बाकापर्यंत ऐकू जाणारा स्पीकर आत्यानं, मास्तरांना विचारून, खटक्याला बंद करायला लावला; त्यांनीही ते दुपारी सगळ्यांबरोबरच ऐकायचं. मग चार सेकंदांत बोलली:

"एक हात. तळहात शर्टाला पुसतो. दोनदा. कपाट उघडतो."

"खटका आला," खटका म्हणाला. "परत."

तिनं परत म्हटलं, आणि बाहेर येऊन काचेवरच्या कागदावर, तिसऱ्या नियमाशेजारी, एक लाल बाण चिकटवला. आता प्रत्येक भाग लिहून झाला की ती पहिल्यापासून वाचते आणि दर नावाला बोट ठेवून विचारते, "चेहरा दिसला?" खटका कंटाळतो. ती ऐकत नाही.

लेखकसाहेबांनी काय केलं म्हणाल, तर त्यांनी दोन आठवड्यांचं लिखाण फाडून शेवट नव्यानं लिहिला; आता ढकलणाराही बदलला असणार, अशी सगळ्या गल्लीची खात्री. आत्याला त्यांनी तो सांगितला नाही. आत्यानंही विचारला नाही. भाग आला तेव्हा तिनं पाहिला, लिहिला, बोलली, आणि घरी येऊन आम्हाला अक्षरही सांगितलं नाही. मी पायावर लोळण घेतली तरी नाही.

शेवटच्या भागाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. पडद्यावर आजी शुद्धीवर आलेली, घरी आलेली. सगळ्यांना तिनं चहाला बोलावलंय. काही आठवत नाही म्हणते. कॅमेरा टेबलाजवळ जातो. नुसते कप आणि नुसते हात, चेहरे चौकटीच्या बाहेर. बाबा म्हणाले, "हे काम वकिलाचंच, बघा." आई म्हणाली, "थोरलीच." आम्हीही ते बटण दाबलं होतं. टीव्हीतली आत्या म्हणाली, "एक हात कप उचलतो. दुसरा हात. तिसरा थांबतो. तळहात पुसतो. दोनदा."

"जावई!" समोरच्या घरात खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. "मधला जावई! बारा, एकतीस, अठ्ठ्याण्णव! तोच तो!"

"कुठे? कुठे पुसला?" काकू. "मला कसा नाही दिसला? अहो, कोणता हात?"

"थांब गं, ऐकू दे!"

हे ऐकून खाटेवर बसलेल्या आमच्या आत्यानं सुईत दोरा एका फटक्यात ओवला. कोपऱ्यावर सलूनवाले काका दारात उभे राहून ओरडत होते, "आधीच सांगितलं होतं मास्तरांनी!" आणि ओठावर नुकत्याच फुटलेल्या मिशीवरून बोट फिरवत होते.